सराव सामन्यातले यार्ड नव्हे, कोण कुणाबरोबर खेळला ते बघा

पत्र:
ताई, मी पुण्यात, हिंजवडीला नोकरी करतो. आमची अर्धी टीम न्यू जर्सीत बसते. तिथल्या सहकाऱ्यांनी गेल्या वर्षी मला त्यांच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये ओढलं. खरे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी आळीपाळीने निवडून (यालाच ड्राफ्ट म्हणतात) आपला संघ बनवायचा, ते खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे आपल्याला गुण. बारा जण आहोत, पैशांचा व्यवहार नाही, जिंकणाऱ्याच्या टेबलावर वर्षभर चषक राहतो एवढंच. कॅच पकडल्याचा अर्धा गुण मिळतो. मी हौसेने एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, शिकलो, प्रीसीझनचे म्हणजे सीझनआधीचे सराव सामने पहाटे उठून पाहिले आणि तिथे ज्या रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने) सगळ्यात जास्त यार्ड काढले त्याला सहाव्या फेरीत उचललं. सीझनच्या पहिल्या सामन्यात त्याच्या हातात चेंडू जेमतेम दोनदा आला. तिसऱ्या आठवड्यात त्याला सोडून दिलं. यंदा आमचा ड्राफ्ट प्रीसीझनच्या शेवटच्या सामन्यांआधीच आहे, आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला. चार-पाच संघांत रनिंग बॅक कोण हे ठरलेलं नाही, दोन संघांत क्वार्टरबॅकच, म्हणजे पास टाकणाराच, ठरलेला नाही. प्रशिक्षक रोज म्हणतात, ‘स्पर्धा चुरशीची आहे.’ अधिकृत डेप्थ चार्टमध्ये, म्हणजे प्रत्येक जागेच्या पसंतीक्रमाच्या यादीत, दोन नावांच्या मध्ये चक्क ‘किंवा’ लिहिलंय. विश्वास कशावर ठेवायचा? आणि ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना हात लावायचा, की लांबच राहायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर:
नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हात लावायचा, जरूर लावायचा. ज्यांचं सगळं ठरलेलं आहे त्यांची किंमत बाराही जणांना ठाऊक असते, तिथे तुम्हाला स्वस्तात काही मिळणार नाही. जे मिळतं ते अजून न ठरलेल्या जागांवरच मिळतं. फक्त तिथे बघायचं काय, हे माहीत हवं. तुम्ही पहाटे उठून सामने पाहिलेत, कष्टात कसूर नव्हती. नजर आकड्यावर राहिली, एवढंच झालं.

प्रीसीझनमधला आकडा इतका फसवा का असतो ते सांगते. कॅम्पमध्ये प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि सीझन सुरू होताना ५३ ठेवायचे असतात. २०२१ पासून नियमित सामने १७ झाले आणि प्रीसीझनचे चाराचे तीन झाले, त्यामुळे ३७ नावं कापायची की ठेवायची हे जोखायला प्रशिक्षकाकडे आता तीनच सामने उरतात. म्हणून सामन्याच्या उत्तरार्धात मैदानावर जे दिसतात, त्यांतले पुष्कळ जण सप्टेंबरमध्ये त्या संघात नसतातच. तुमच्या रनिंग बॅकने बहुधा अशांच्याच बचावातून यार्ड काढले असणार. संघांच्या निकालांचंही तसंच. डेट्रॉइट लायन्सनी २००८ मध्ये प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि मग सीझनचे सोळाच्या सोळा हरले. क्लीव्हलँड ब्राउन्सनी २०१७ मध्ये हुबेहूब तेच केलं, आधी ४-० आणि मग ०-१६. आपल्याकडे परदेश दौऱ्याच्या सुरुवातीला सराव सामना असतो, त्यातल्या शतकावरून कुणी कसोटीचा संघ सांगत नाही. सलामीला कुणाला पाठवलं, नवा चेंडू कुणाच्या हातात दिला, हेच जाणकार बघतात. इथेही तेच बघायचं.

म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणावरून सांगते.

२०२२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सनी डेमियन पिअर्स नावाचा रनिंग बॅक एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ नवखे खेळाडू निवडतात, चौथ्या फेरीत घेतला. त्याच जागेसाठी अनुभवी मार्लन मॅक होता, शिवाय रेक्स बर्कहेड होता. पहिल्या प्रीसीझन सामन्यात पिअर्सने पाच वेळा चेंडू घेऊन ४९ यार्ड काढले. सगळीकडे मथळे या ४९ यार्डांचे. खरी बातमी पुढच्या सामन्यात होती. त्या सामन्यात पिअर्सला खेळवलंच नाही. दुखापत नव्हती, त्याला जपून ठेवलं होतं. चौथ्या फेरीतल्या नवख्याला प्रशिक्षक जपतो, म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते उघड आहे. तिसऱ्या सामन्यात पिअर्स पहिल्याच ड्राइव्हला, म्हणजे संघाच्या पहिल्या चढाईला, उतरला, टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या गोल लाइनपार नेला) आणि बाजूला झाला. कपातीच्या दिवशी टेक्सन्सनी मॅकला सोडून दिलं. ज्यांनी फक्त पहिल्या सामन्याचे यार्ड पाहिले त्यांना पिअर्स ‘चमकला’ एवढंच कळलं. दुसऱ्या सामन्यातली त्याची गैरहजेरी ज्यांनी टिपली त्यांना जागा कुणाची ते कळलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भागच तुमच्या जास्त कामाचा आहे. सीझनच्या पहिल्या सामन्यात पिअर्सने ११ वेळा चेंडू घेऊन ३३ यार्ड काढले आणि मैदानावर त्याच्याहून जास्त वेळ होता बर्कहेड. कित्येकांनी वैतागून त्याला बेंचवर बसवलं. सीझन संपला तेव्हा पिअर्सच्या नावावर तेरा सामन्यांत ९३९ यार्ड होते. त्याने जागा जिंकली होती, पण पहिल्या दिवशी सगळी जिंकली नव्हती. थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला), म्हणजे जेव्हा पास टाकायचा हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं तेव्हा, प्रशिक्षकाचा भरवसा अजून म्हाताऱ्या बर्कहेडवर होता.

रनिंग बॅकची जागा म्हणून आपण म्हणतो खरं, पण त्या एका जागेत तीन-चार वेगवेगळी कामं असतात आणि ती वेगवेगळ्या माणसांना मिळू शकतात. पहिल्या-दुसऱ्या डाउनला धावणं हे एक काम. थर्ड डाउनला क्वार्टरबॅकशेजारी उभं राहून ब्लिट्झ करणाऱ्या, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या, बचावातल्या लाइनबॅकरला अडवणं आणि जमलं तर छोटा पास घेणं, हे दुसरं. अर्ध किंवा सामना संपताना दोन मिनिटांत जी घाईची चढाई होते तिथे मैदानावर असणं, हे तिसरं. आणि गोल लाइनजवळचे दोन-तीन यार्ड, जिथे टचडाउन असतो, हे चौथं. तुमच्या लीगमध्ये कॅचला अर्धा गुण आहे, त्यामुळे दुसरं आणि तिसरं काम करणारा माणूस कागदावर दिसतो त्याहून मोलाचा आहे. नवखा रनिंग बॅक कितीही चपळ असला, तरी त्याने एकदा ब्लिट्झ सोडला आणि क्वार्टरबॅकच्या बरगड्यांवर कुणी आदळला, की थर्ड डाउनला प्रशिक्षक त्याला काही आठवडे बाहेर ठेवतात. त्यात वावगंही नाही. क्वार्टरबॅकचा पगार कुणी विसरत नाही.

यंदा सामना बघाल तेव्हा एक करा. सुरुवातीला चेंडूकडे बघूच नका. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीतले पहिल्या पसंतीचे सेंटर आणि लेफ्ट टॅकल, या दोघांचे जर्सी नंबर वहीत लिहून घ्या. ते दोघं जोवर मैदानावर आहेत तोवर खेळतोय तो पहिला संघ. त्या वेळात रनिंग बॅक कोण, तो बदलला कधी, थर्ड अँड लाँगला (थर्ड डाउनला बरेच यार्ड बाकी असताना) क्वार्टरबॅकशेजारी कोण उभा होता, एवढंच टिपा. ते दोघं हेल्मेट काढून बाकावर बसले की वही मिटा आणि झोपायला जा, पुढचं तुमच्या ड्राफ्टच्या कामाचं नाही. हे सगळं साधारण दहा-पंधरा स्नॅपमध्ये (एक स्नॅप म्हणजे एक खेळी) उरकतं, त्यामुळे पहाटे साडेचारला उठून आख्खा सामना बघायची गरज नाही, सकाळी चहा घेताना पहिले दोन ड्राइव्ह पाहिलेत तरी पुरतं. कोण किती स्नॅप खेळला त्याचा अधिकृत तक्ता सामन्यानंतर निघतोच, पण त्यात ‘कुणाबरोबर’ हे नसतं. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणखी एक खूण. जो किकऑफ किंवा पंट, म्हणजे लाथेने दूर मारलेला चेंडू, अडवायच्या कामावर आहे, तो रनिंग बॅक सहसा अजून संघात जागा शोधतोय. पहिल्या पसंतीच्या बॅकला असल्या धडकांत कुणी घालत नाही. सहसा म्हणते, कारण याला एक झकास अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९९५ मध्ये डेन्व्हर ब्राँकोजनी सहाव्या फेरीत टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक घेतला होता. टोकियोतल्या प्रीसीझन सामन्यात त्याने किकऑफवर धावत जाऊन समोरच्याला असा काही आडवा केला की प्रशिक्षक माइक शॅनहन यांची नजर त्याच्यावर खिळली. त्याच सीझनमध्ये डेव्हिस मुख्य रनिंग बॅक झाला आणि १,११७ यार्ड धावला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

ही गोष्ट नुसती रंजक म्हणून सांगितली नाही. माइक शॅनहन यांचा मुलगा काइल आज सॅन फ्रान्सिस्कोचा प्रशिक्षक आहे, आणि कोण कितव्या फेरीत आला याला या घराण्यात फारशी किंमत नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या फेरीत ट्रे सरमन घेतला आणि सहाव्या फेरीत एलायजा मिचेल. फँटसीवाल्यांनी सरमनवर उड्या टाकल्या, मिचेलचं नावही बहुतेक ड्राफ्टमध्ये निघालं नाही. सीझनचा पहिला सामना डेट्रॉइटला होता. सरमन धडधाकट असून त्याचं नाव त्या दिवसाच्या यादीतच नव्हतं. मुख्य बॅक रहीम मोस्टर्ट दोनदा धावून गुडघा धरून बाहेर गेला. मग मिचेल उतरला आणि १९ वेळा चेंडू घेऊन १०४ यार्ड धावला. सीझनअखेर त्याचे ९६३ यार्ड झाले.

म्हणून प्रशिक्षकाचा स्वभाव आधी वाचा आणि खेळाडूंचा डेप्थ चार्ट नंतर. काही प्रशिक्षक वरच्या फेरीत घेतलेल्या माणसाला निभावून नेतात, कारण त्याला निवडण्यात त्यांची आणि जनरल मॅनेजरची अब्रू गुंतलेली असते. काहींना त्याचं काही वाटत नाही. काही जण एकालाच राबवतात, काही दर सामन्याला दोघातिघांत चेंडू वाटतात. काही जण तर प्रीसीझनमध्ये मुख्य खेळाडूंना उतरवतच नाहीत. लॉस एंजेलिस रॅम्सचे शॉन मॅक्वे यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या संघाचा प्रीसीझन सामना बघून काही कळेल अशी आशा ठेवू नका. तिथे एकच गोष्ट बघायची, गणवेश चढवूनही कोण खेळला नाही.

रॅम्सच्याच २०२३ च्या गोष्टीवरून तुमच्या ‘किंवा’कडे येते. त्या वर्षी त्यांचा मुख्य रनिंग बॅक म्हणून कॅम एकर्स धरला जात होता आणि ड्राफ्टमध्ये त्याला भावही तसाच होता. कायरन विल्यम्सला कुणी विचारत नव्हतं. सिएटलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात एकर्स २२ वेळा धावला आणि २९ यार्ड काढू शकला. विल्यम्सने १५ वेळांत ५२ यार्ड आणि दोन टचडाउन केले. पुढच्या सामन्यात एकर्स यादीबाहेर, काही दिवसांत मिनेसोटाला रवाना. विल्यम्स बारा सामन्यांत १,१४४ यार्ड धावला. ज्यांनी एकर्ससाठी वरची फेरी मोजली त्यांची ती फेरी वाया गेली. ज्यांनी विल्यम्सला शेवटच्या फेरीत किंवा नंतर वेव्हरवर, म्हणजे कुणीच न घेतलेल्या खेळाडूंमधून, घेतलं त्यांचा सीझन उभा राहिला.

पहिल्या प्रीसीझन सामन्याआधी जो डेप्थ चार्ट निघतो त्यावर ‘अनधिकृत’ असं स्वतः संघच लिहितो आणि तो बरेचदा जनसंपर्क विभागात तयार होतो. नवख्यांना मुद्दाम खाली ठेवणं, जुन्यांचा मान राखणं, हे सगळं त्यात चालतं. ‘किंवा’चा अर्थ एवढाच की आत्ता सांगायची आमची इच्छा नाही. ‘स्पर्धा चुरशीची आहे’ या वाक्यातही माहिती शून्य असते, कारण दुसरं काही म्हणायची प्रशिक्षकाला सोयच नसते. एकाचं नाव घेतलं तर दुसरा खचतो, शिवाय पहिल्या सामन्याचा प्रतिस्पर्धी सावध होतो. त्यापेक्षा दोन वेगळ्या गोष्टींवर जास्त भरवसा ठेवा. एक म्हणजे पैसा. कुणाच्या करारात हमीची रक्कम किती आणि कुणाला सोडलं तर संघाचं किती नुकसान, हे बोलण्यापेक्षा खरं असतं. अर्थात हेही ब्रह्मवाक्य नाही. २०१२ मध्ये सिएटलने मॅट फ्लिनला क्वार्टरबॅक म्हणून चांगले पैसे मोजून आणलं होतं, आणि तिसऱ्या प्रीसीझन सामन्यानंतर प्रशिक्षक पीट कॅरल यांनी तिसऱ्या फेरीतल्या रसेल विल्सनच्या हाती संघ दिला. दुसरी गोष्ट म्हणजे रोज सरावाला हजर असणारे स्थानिक पत्रकार. मत सांगणारे नव्हेत, ‘आज पहिल्या संघाबरोबर अमुक चार वेळा, तमुक नऊ वेळा’ असं मोजून लिहिणारे. न्यू जर्सीतला सकाळचा सराव संपतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतात. जेवण उरकून अर्धा तास तेवढं वाचलंत तरी सकाळी उठून ढीगभर मथळे चाळण्यापेक्षा जास्त कळेल.

आता भावाचं बोलू, कारण ड्राफ्ट म्हणजे शेवटी भावाचाच मामला. समजा एका संघात दोन रनिंग बॅक आहेत आणि लोक एकाला पाचव्या फेरीत घेतायत, दुसऱ्याला दहाव्या. तुम्हाला कोण जिंकेल याची खात्री नाही. मग दहाव्या फेरीतला घ्या. पाचव्या फेरीत तुम्हाला एखादा पक्का वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) मिळत होता, तो सोडून तुम्ही पैज लावताय आणि हरलात तर ते भोक वर्षभर बुजत नाही. दहाव्या फेरीतला हरला तर दुसऱ्या आठवड्यात त्याला सोडा, कुणी विचारणार नाही. बाजार जेव्हा म्हणतो की दोघांत फरक पाच फेऱ्यांचा आहे आणि तुमची वही म्हणते की दोघं पहिल्या संघाबरोबर जवळजवळ सारखेच खेळले, तेव्हा बाजार चुकतोय. याच्या उलट, महागडा खेळाडू दोन्ही सामन्यांत सेंटर आणि लेफ्ट टॅकलबरोबरच उतरला, त्यांच्याबरोबरच बाहेर गेला, थर्ड डाउनलाही तोच होता, तर स्पर्धा संपलेली आहे, बातम्या काहीही म्हणोत. मग पाचवी फेरीही त्याला स्वस्त आहे, बिनधास्त मोजा.

एकाच संघातले दोघंही घेऊन ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुरक्षित वाटते. मला ती पटत नाही. तुमच्या बेंचवर जागा असतात सहा-सात. त्यातल्या दोन एकाच भांडणात अडकवल्या, तर त्यातला एक हमखास वाया जाणार हे तुम्ही स्वतःच आधी लिहून दिलं. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या संघांतले स्वस्त दावेदार घ्या, दोन्ही लागू शकतात. आणि असे न ठरलेले खेळाडू एकूण तीनापेक्षा जास्त नकोत, नाहीतर पहिल्या दोन आठवड्यांत संघात उतरवायला माणसं कमी पडतील.

जागा जिंकून मिळणार काय, हेही विचारत जा. सगळ्या जागा सारख्या नसतात. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाला डिआंद्रे स्विफ्ट आला. पहिल्या सामन्यात चेंडू केनेथ गेनवेलकडे, स्विफ्टच्या वाट्याला एकच धाव, तीन यार्डांची. गेनवेलच्या बरगड्या दुखावल्या आणि दुसऱ्या सामन्यात स्विफ्ट १७५ यार्ड धावला. सीझनभरात १,०४९ यार्ड झाले. इथवर छानच. पण धावत केलेले टचडाउन किती? पाच. कारण गोल लाइनशी पोचल्यावर तिथे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतःच चेंडू घेऊन मागून ढकलाढकली करत आत जातो, त्याने त्या वर्षी असे-तसे मिळून १५ टचडाउन धावून केले. ज्या संघाचा क्वार्टरबॅक स्वतः गोल लाइनवर धावतो तिथल्या रनिंग बॅकच्या जागेची किंमत एक फेरी कमी धरा. तसंच ज्या संघाची ऑफेन्सिव्ह लाइन (वाट मोकळी करणारी पुढची फळी) मोडकी आहे तिथली जागा जिंकणाऱ्याची मला कीवच येते.

क्वार्टरबॅकच्या स्पर्धेची मात्र फार काळजी करू नका. बारा जणांच्या लीगमध्ये एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असतो आणि ज्याला ऑगस्टमध्ये आपली जागाच पक्की करता आलेली नाही तो क्वचितच तुमच्या संघात शोभेल. तिथे प्रश्न वेगळा असतो: त्याचे पास झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरचं काय होणार? आणि इथे एक सापळा आहे. ‘अमुक सुरुवात करणार’ ही घोषणा फक्त सुरुवातीपुरती असते. ह्यूस्टनने २०१७ मध्ये टॉम सॅव्हेजचं नाव जाहीर केलं आणि पहिल्याच सामन्याच्या मध्यंतरात त्याला बसवून डेशॉन वॉटसनला उतरवलं. पिट्सबर्गने २०२२ मध्ये मिच ट्रुबिस्कीला निवडलं आणि चौथ्या सामन्याच्या मध्यंतरात त्याच्या जागी केनी पिकेट आला. अनुभवी आणि पहिल्या फेरीतला नवखा अशी जोडी असेल तर नवखाच खेळणार हे धरून चाला, फक्त कधी एवढंच बाकी असतं. अशा संघाच्या रिसीव्हरला घेताना पहिल्या महिन्याच्या गुणांवर विसंबू नका. कधी कधी तर निकाल इतका उलटा लागतो की कुणी कल्पनाही करत नाही. २०२१ मध्ये न्यू इंग्लंडने कपातीच्या दिवशी कॅम न्यूटनला थेट सोडूनच दिलं आणि मॅक जोन्सला संघ दिला.

वाइड रिसीव्हरबद्दल थोडक्यात. तिसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरसाठी चाललेल्या चुरशीच्या बातम्या सोडून द्या, जिंकणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. पण पहिल्या क्रमांकाच्या माणसाचा पाय दुखतोय असं कळलं, की त्याच्या जागी पहिल्या संघाबरोबर कोण सराव करतोय ते लगेच शोधा. २०२३ मध्ये रॅम्सच्या कूपर कपची मांडी आखडली आणि पाचव्या फेरीतून आलेला पुका नाकुआ पहिल्याच सामन्यात दहा झेल घेऊन गेला. सीझनअखेर त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले, दोन्ही आकडे तेव्हा नवख्यांचे विक्रम होते.

दुखापतीवरून आणखी एक, कारण तुमचा ड्राफ्ट शेवटच्या सामन्यांआधी आहे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीचा स्पेन्सर वेअर तिसऱ्या प्रीसीझन सामन्यात गुडघा दुखावून अख्ख्या सीझनला मुकला. त्याच्यामागे तिसऱ्या फेरीतला करीम हंट उभा होता. त्याने न्यू इंग्लंडविरुद्ध पहिल्याच धावेला चेंडू हातातून सोडला आणि त्यानंतर त्याच सामन्यात तीन टचडाउन केले. सीझनमध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त, १,३२७ यार्ड तोच धावला. ज्यांचा ड्राफ्ट आधी उरकला होता त्यांच्यापैकी काहींच्या हाती वेअर राहिला, काहींच्या हाती स्वस्तात आलेला हंट. म्हणून तुमच्या कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, आजच विनंती करा की ड्राफ्ट कपातीच्या दिवसानंतर घ्या. कपात सहसा मंगळवारी होते आणि सीझन सहसा लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) गुरुवारी सुरू होतो, मधला शनिवार-रविवार त्यासाठी अगदी मोकळा असतो. बारा जणांत आणखी चार-पाच जणांचं हेच म्हणणं निघेल.

नाहीच बदलली तारीख, तर बेंचची शेवटची दोन नावं अशी घ्या की ज्यांच्या पुढे एकच माणूस आहे आणि तो वयस्क किंवा दुखापतीतून उठलेला आहे. कपातीची मुदत आपल्याकडे मंगळवार उलटून बुधवारी पहाटे दीडला संपते. त्या सकाळी कामाला लागण्याआधी यादी वाचा: कुणाचा प्रतिस्पर्धी सुटला, कुठल्या संघाने बाहेरून नवा रनिंग बॅक उचलला. बाहेरून आणला असेल तर आतल्या कुणावरच त्यांचा भरवसा नाही, त्या संघातला तुमचा दावेदार तिथेच सोडा आणि ज्याची वाट मोकळी झाली त्याला वेव्हरवर मागा. न्यू जर्सीत तेव्हा रात्र झालेली असेल आणि थोड्याच वेळात तुमचे सहकारी झोपतील, त्यामुळे तुमच्या हाताशी चांगले काही तास आहेत.

आणि पहाटे साडेपाचच्या ड्राफ्टला रांगेत पंधरा-वीस नावं आधीच लावून ठेवा, आपल्या क्रमाने. नेट गेलं किंवा डोळा लागला तर ॲप स्वतःच्या यादीतून माणूस उचलतं, आणि त्या यादीला तुमच्या वहीतलं काहीच माहीत नसतं.